फूल पुढे, पसारा मागे

प्रश्न : महापालिकेच्या पुष्पोत्सवात, राजीव गांधी भवनात, मी गुलाबांचे पुष्कळ फोटो काढले. तिथे फुलं जितकी सुंदर दिसली तितकी फोटोत दिसत नाहीत. मागे नावाच्या पाट्या, खुर्च्या, लोकांचे पाय, कुणाची तरी पिशवी. फोनमधल्या पोर्ट्रेट मोडने मागचं धूसर केलं तर काटे आणि पाकळ्यांच्या कडाही पुसल्या जातात. मागचं सगळं काळं करून पाहिलं, तर फूल खोटं दिसतं. पसारा डोळ्यांत येणार नाही आणि फूलही खरं वाटेल, असं करायचं तरी कसं?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : पोर्ट्रेट मोडने काटे खाल्ले आणि काळ्या रंगाने फूल खोटं केलं, या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. दोन्ही वेळा मागचं सगळं एका फटक्यात घालवायला गेलो. मागची बाजू घालवायची नसते, तिचा आवाज खाली आणायचा असतो. गाण्याच्या बैठकीत तंबोरा सतत वाजत असतो, पण ऐकणाऱ्याचं मन गळ्यावर असतं. तंबोरा बंद केला तर गाणंच उघडं पडतं. फुलामागे थोडी हिरवाई, थोडी सावली, थोडी खोली उरली, तरच ते कुठेतरी उमललेलं आहे असं वाटतं.

प्रदर्शनात न खुपलेली पाटी फोटोत का खुपते, ते आधी पाहू. आपल्या नजरेला अगदी स्पष्ट दिसणारा भाग फार लहान असतो. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या रुंदीएवढा. गुलाब बघताना तो भाग गुलाबावर खिळलेला असतो आणि बाकीचं मेंदू बाजूला सारतो. शिवाय दोन डोळे असल्यामुळे पाटी चार फूट मागे आहे हे न सांगता कळतं. फोटोत हे दोन्ही आधार जातात. पाकळी आणि पाटी एकाच सपाट पडद्यावर शेजारी-शेजारी येतात, आणि दोन्ही सारख्याच ठसठशीत असल्या तर आधी कुणाकडे बघावं हे डोळ्याला ठरवता येत नाही. फोटो सुधारताना आपण हा हरवलेला अंतराचा अंदाज बघणाऱ्याला परत देत असतो. एवढं मनाशी धरलं की कोणतं बटण कधी दाबायचं ते सुचत जातं.

डोळा पहिल्यांदा धावतो तो सगळ्यांत उजळ जागेकडे. मग अक्षरांकडे, माणसाच्या चेहऱ्याकडे, लाल-केशरी-पिवळ्या रंगाकडे, आणि जिथे उजेड आणि अंधार एकमेकांना थेट भिडतात त्या कडेकडे. चौकटीच्या काठावरचा उजळ तुकडा सर्वांत वाईट, कारण तो नजरेला चित्राबाहेरच ओढतो. तुमच्या फोटोत नेमकं कोण त्रास देतंय हे शोधायला फोटो घटकाभर कृष्णधवल करा आणि नखाएवढा लहान करून बघा. फूल आधी दिसलं तर काम थोडं आहे. पांढरी पाटी आधी दिसली तर तिच्यापासून सुरुवात करायची. पसारा कितीही मोठा असो, खरा त्रास देणाऱ्या जागा बहुधा दोन-तीनच निघतात. राखाडी पँटचे पाय, काळोखातली खुर्ची यांना हात लावायची गरजच पडत नाही.

आता बाटलीत उभा केलेला एक टपोरा लाल गुलाब घेऊ. मागे पांढरी पाटी, डावीकडे केशरी काठाची साडी, वर ट्यूबलाइटचा तुकडा.

पहिलं काम कात्रीचं, म्हणजे क्रॉपचं. ट्यूबलाइट आणि टेबलाची कड इथेच जाते. फूल अगदी मधोमध आणायची सक्ती नाही; फुलाचं तोंड ज्या बाजूला झुकलंय तिकडे थोडी जास्त जागा सोडा. मात्र कात्री किती चालवायची याला मर्यादा आहे. १२ मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे ४००० बाय ३०००, रुंदीत आणि उंचीत निम्मा केला तर हाती ३ मेगापिक्सेल उरतात. फोनवर पाठवायला ते भरपूर झाले, पण चांगल्या छपाईत ते पावणेसात इंच बाय पाच इंचांपलीकडे जात नाहीत.

दुसरं काम बारीकसारीक डाग उचलायचं. फोनवरच्या स्नॅपसीड या अॅपमध्ये याला हीलिंग म्हणतात. लाइटरूममध्ये आणि संगणकावरच्या फुकट मिळणाऱ्या गिंपमध्येही ही सोय आहे. फोटो मोठा करून छोटे-छोटे फटके मारायचे. ही हत्यारं आजूबाजूचा पोत उचलून डागावर बसवतात. त्यामुळे हिरव्या पानांत एकटा पडलेला पांढरा ठिपका सुरेख जातो, पण पाकळीला चिकटलेली पाटी पुसायला गेलात तर पाकळीचा लाल रंग पाटीत ओढला जातो. पाकळीला टेकलेल्या कोणत्याही गोष्टीला हीलिंग लावू नका. तिथे उजेड कमी करा.

सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो या उजेड कमी करण्याला. स्नॅपसीडमधल्या सिलेक्टिव्हने पाटीवर एक बिंदू ठेवायचा, दोन बोटांनी त्याचं वर्तुळ लहान-मोठं करायचं आणि उजेड खाली आणायचा. हे हत्यार वर्तुळातल्या सारख्या रंगाच्या जागा ओळखून तेवढ्यावरच चालतं. तरी पाकळीची कड काळवंडू लागली तर पाकळीवर दुसरा बिंदू ठेवा आणि त्याला काहीच बदल देऊ नका. तो पाकळी राखतो. ही युक्ती फार थोड्यांना ठाऊक असते, आणि केसाळ देठ, काटे, पाकळीखालच्या हिरव्या निदलांची टोकं सांभाळायला हिच्याइतकं सोपं काही नाही. पाटी काळी करायची नाही. शेजारच्या पानांची सावली जेवढी गडद असेल तेवढीच गडद करायची. पाटी पूर्ण पांढरी जळालेली असेल तर उजेड कमी केल्यावर तिथे सपाट राखाडी ठिगळ उरतं, कारण त्या जागी तपशील मुळात नोंदलाच गेलेला नसतो. अशी पाटी पाकळीपासून सुटी असेल तर मग हीलिंगने उचलायची. टेकलेली असेल तर निदान अक्षरं तरी दिसेनाशी करा. अक्षर दिसलं की माणूस ते वाचल्याशिवाय राहत नाही.

साडीच्या काठाचा प्रश्न उजेडाचा नाही, रंगाचा आहे. तिथे ब्रशमधलं सॅच्युरेशन उणे पाचवर ठेवून दोन-तीन हलके हात फिरवायचे. रंग पूर्ण काढायचा मोह आवरा. एका रंगीत फुलामागे सगळं करडं जग, ही एके काळी फार चालून गेलेली करामत होती, आणि तिच्यात फूल कधीच आपल्या जागी वाटत नाही. मागच्या पिवळसर हिरव्याला किंचित निळसर झाक दिली तर ते मागे सरकतं. ऊबदार रंग पुढे येतात, थंड रंग मागे जातात, हे कोणताही रंगारी सांगेल.

इथवर आल्यावर थांबून बघा. कित्येकदा धूसर करायची वेळच येत नाही. आलीच, तर आधी लाइटरूममध्ये मागची बाजू निवडून टेक्श्चर आणि क्लॅरिटी खाली आणा. पानांच्या शिरा, कापडाचा पोत, भिंतीचे पोपडे यांचं कुरकुरीतपण त्याने जातं आणि आकार राहतो.

आणि अगदी शेवटी ब्लर. तुमचं फूल खोटं वाटण्याचं एक कारण या पायरीत दडलेलं असतं. खऱ्या भिंगातून येणारा धूसरपणा अंतराप्रमाणे वाढत जातो. बाटलीजवळचं टेबल स्पष्ट, वीतभर मागचं थोडं मऊ, खुर्ची त्याहून मऊ. पोर्ट्रेट मोड पुष्कळदा फुलाबाहेरचं सगळं एकाच मापाने धूसर करतो, म्हणून फूल हवेत तरंगतं. स्नॅपसीडच्या लेन्स ब्लरमध्ये पट्टी किंवा लंबगोल निवडता येतो आणि ट्रान्झिशन वाढवता येतं. ते भरपूर वाढवा आणि ब्लर स्वतः कमी ठेवा.

दुसरं कारण फुलाभोवतीचं तेजोवलय. लाल गुलाबासकट अख्खा फोटो धूसर करून वर मूळ फूल ठेवलं, की धूसर थरातला लाल रंग कडेबाहेर झिरपतो आणि फुलाला लालसर धुक्याची किनार येते. गिंप किंवा फोटोशॉपमध्ये काम करत असाल तर उपाय असा : फुलाचा वेगळा थर करून घ्या, मग खालच्या थरातून फूल पुसून त्या जागी आजूबाजूची हिरवाई भरा, आणि नंतरच तो थर धूसर करा. किनार येणारच नाही. आणखी एक बारकावा सांगतो. धूसर केलेला भाग गुळगुळीत होतो आणि फुलावर मात्र फोनच्या सेन्सरची बारीक रवाळी तशीच असते. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चुकलंय हे जाणवतं. अख्ख्या फोटोवर अगदी पुसट ग्रेन टाकला की दोन्ही भाग एकाच फोटोतले वाटू लागतात.

हे सगळं करताना फुलाकडेही एक नजर हवी. लाल गुलाबाचा फोटो फोनवर काढला की लाल रंगाचा आकडा पाकळीच्या मोठ्या भागावर २५५ ला, म्हणजे त्याच्या वरच्या टोकाला, जाऊन टेकतो. मग पाकळीतल्या घड्या आणि मखमल नाहीशी होते आणि लाल सपाट डाग उरतो. नंतर उजेड कमी केला तरी ती मखमल परत येत नाही. म्हणून फोटो काढतानाच फुलावर बोट टेकवून एक्स्पोजर थोडं खाली ओढा. मागचा पसाराही त्याबरोबर आपोआप गडद होतो.

खरं तर निम्मं काम बटण दाबण्यापूर्वीचं आहे. फोनमध्ये मागचं धूसर का होत नाही, याचं गणित सोपं आहे. फोनच्या मुख्य भिंगाचं तोंड जेमतेम ४ मिलिमीटर उघडतं. १०० मिलिमीटरच्या मॅक्रो भिंगाचं एफ २.८ वर सुमारे ३६ मिलिमीटर उघडतं. खूप मागे असलेला उजेडाचा ठिपका फोटोत किती मोठी चकती होऊन पसरेल, ते फुलाच्या अंतरावर मोजलं तर बरोबर या तोंडाएवढं भरतं. म्हणजे ८ सेंटिमीटरच्या गुलाबाशेजारी फोनमध्ये ती चकती वाटाण्याहून लहान आणि मॅक्रो भिंगात जवळजवळ अर्ध्या गुलाबाएवढी. भिंगाचं तोंड आपण मोठं करू शकत नाही, पण अंतर आपल्या हातात आहे. फोन फुलापासून ३० सेंटिमीटरवर आणि पाटी फुलामागे तेवढ्याच अंतरावर असेल, तर शक्य असलेल्या धूसरपणातला निम्माच मिळतो. पाटीऐवजी पावणेतीन मीटर मागची भिंत पार्श्वभूमीला येईल असे उभे राहिलात, तर नव्वद टक्के मिळतो. प्रदर्शनात टेबल हलवता येत नाही, पण स्वतःला हलवता येतं. एक पाऊल डावीकडे किंवा गुडघ्यावर बसून पाहिलं की पाटीच्या जागी दूरची अंधारी कमान येते.

दुसरं साधन सावली. कडक उन्हात आणि मोकळ्या सावलीत उजेडाचा फरक ८ ते १६ पटींचा असतो. फुलावर ऊन आणि मागे सावली असेल, तर फुलाच्या हिशेबाने फोटो घेताच मागची बाजू स्वतःहून काळोखी होते, आणि ती काळोखी खरी असल्यामुळे कडा खोट्या होत नाहीत. मुघल काळात गुलशनाबाद म्हणवलेल्या या शहरात आजही गच्च्यांवर गुलाबाच्या कुंड्या जागोजागी दिसतात. सकाळच्या उन्हात कुंडी अशी ठेवा की मागे जिन्याच्या खोलीचं उघडं दार येईल. यापुढे कुठल्याही अॅपची मातब्बरी नाही. दिंडोरीच्या बाजूला पॉलिहाऊसमध्ये फोटो काढायला जाणाऱ्यांची अडचण उलटी असते. तिथे उजेड सगळीकडून सारखा येतो, सावली सापडत नाही, आणि मागच्या कळ्यांवर चढवलेल्या जाळीच्या पांढऱ्या टोप्या ठिपक्या-ठिपक्यांनी चमकतात. तिथे आडव्या वाफ्याकडे तोंड न करता दोन वाफ्यांमधल्या वाटेच्या लांबीकडे तोंड करून उभं राहा, म्हणजे मागे सगळ्यांत जास्त अंतर मिळेल.

राहिला काळ्या पार्श्वभूमीचा प्रश्न. तिला माझा विरोध नाही. साध्या, कोऱ्या पार्श्वभूमीवर फूल दाखवायची रीत आपल्याकडे जुनी आहे. पुण्याजवळ दापोडीला, त्या वेळच्या दापुरीला, सरकारी वनस्पती उद्यान होतं. तिथले अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. कोरा कागद, त्यावर एक फांदी, एवढंच. मागे काही नाही, म्हणून प्रत्येक पान तपासता येतं. जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी हेच कॅमेऱ्याने केलं. साध्या पुठ्ठ्यासमोर ठेवलेल्या कोंबांचे आणि कळ्यांचे त्यांचे फोटो १९२८ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि जगभर गाजले. आणि आपल्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके? ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी-थोडी टिपून ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट केला आणि तो दाखवून भांडवल मिळवलं. अशा चित्रणात रोपामागची एखादी वस्तू रोज इंचभर जरी हलली, तरी पडद्यावर ती थयथयाट करते आणि अंकुराकडे कुणी बघत नाही. मागची बाजू सांभाळणं किती महत्त्वाचं, हे ज्याने असं काही करून पाहिलं त्याला सांगावं लागत नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कोरी पार्श्वभूमी चित्र काढताना किंवा टिपतानाच तिथे होती. तुम्हाला काळं हवं असेल तर काळा पुठ्ठा किंवा न चमकणारं काळं कापड खरोखरच फुलामागे हातभर अंतरावर धरा. मग पाकळीच्या पातळ कडेतून पार होणारा उजेड, देठावरची बारीक लव, सगळं खरं टिपलं जातं. मागाहून भरलेल्या काळ्यात पाकळीच्या कडेला आधीच्या हिरव्या पानांची झाक चिकटून राहते, आणि बघणाऱ्याचा डोळा ती पकडतो.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या दिनदर्शिकेसाठी मी फुलांचे फोटो तयार केले. फोनवर पार्श्वभूमी गडद हिरवी आणि मऊ दिसत होती. छापून आल्यावर ती काळी ठिक्कर आणि पट्ट्यापट्ट्यांची झाली. छापखान्याची चूक की माझी?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : चूक कुणाचीच नाही. पडदा स्वतः उजेड टाकतो आणि कागद फक्त पडलेला उजेड परत देतो, म्हणून गडद छटा कागदावर नेहमीच आणखी बुडतात. त्यातून बहुतेकजण फोनचा उजेड पूर्ण वाढवून काम करतात. तो निम्म्यावर आणून मगच फोटो सुधारा. छापायच्या फोटोत पार्श्वभूमीचा सर्वांत गडद भाग शून्यावर नेऊ नका. २५५ पैकी १५-२० पर्यंत राहू द्या.

पट्ट्या येतात त्या ब्लरमुळे. जेपेग फोटोत प्रत्येक रंगाला फक्त २५६ पायऱ्या असतात. मोठ्या जागेवर गडदाकडून किंचित कमी गडदाकडे जाणारी गुळगुळीत छटा बसवली की त्यातल्या थोड्याच पायऱ्या वाट्याला येतात आणि त्या पट्ट्या होऊन दिसतात. वर सांगितलेला पुसट ग्रेन इथेही उपयोगी पडतो, तो या पायऱ्या मोडतो. फोटो व्हॉट्सअॅपवरून छापखान्याला पाठवला असेल तर तो आकुंचन पावतो आणि पट्ट्या आणखी वाढतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि भडक गुलाबी-किरमिजी गुलाब चार शाईंच्या छपाईत थोडा मळकट येणारच, त्या शाईंना तो रंग पुरता गाठता येत नाही. सगळ्या प्रती छापण्याआधी एका पानाचं प्रूफ मागून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात आम्ही अंजनेरीला रानफुलांचे फोटो काढायला जातो. काहीजण फुलाभोवतीचं गवत उपटून फोटो काढतात. मी घरी येऊन अॅपमध्ये गवत पुसतो. माझा मित्र म्हणतो, हीसुद्धा फसवणूकच. खरं काय?
— एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : गवत उपटणं हे निखालस वाईट, त्यात दुसरं मत नाही. अंजनेरीच्या कातळावर मातीचा थर बोट-दोन बोटं असतो, आणि त्या गवतातच कंदीलपुष्पाची ती जात वाढते, जिच्या शास्त्रीय नावातच हा डोंगर आहे : सेरोपेजिया अंजनेरिका. ती मुळात याच परिसरातली आहे, अतिशय दुर्मीळ आहे, आणि फुलं नसताना तिचं रोप गवतात ओळखूही येत नाही. फोटोसाठी उपटलेल्या मुठीत काय गेलं हे उपटणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. आडवी येणारी काडी बोटाने वाकवून धरा आणि फोटो झाला की सोडून द्या. सोबत्याच्या छत्रीची सावली फक्त मागच्या गवतावर पाडा. तेवढ्याने फूल उठून दिसतं. कंदीलपुष्प उभट आणि हिरवट असल्यामुळे गवतात हरवतं, तेव्हा ही सावली तिथे फार कामाची. तोल सावरताना दुसरा पाय कुठे पडतो तेही बघा, कारण कातळावर पायाखाली जे चिरडलं जातं ते फोटोत दिसत नाही.

पुसण्याबद्दल बोलायचं तर, फोटो कशासाठी आहे त्यावर उत्तर ठरतं. भिंतीवर लावायचा असेल तर खुशाल पुसा. ओळख पटवण्यासाठी किंवा नोंदीसाठी असेल, म्हणजे आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकायचा असेल, तर मागचं काहीही हलवू नका. पानांची मांडणी, शेजारची झाडं, कातळ की माती, हे ओळखणाऱ्याला फुलाइतकंच लागतं. गूगल फोटोजमधलं मॅजिक इरेजर किंवा त्यासारखी साधनं पुसलेल्या जागी अंदाजाने काहीतरी भरतात. त्या अंदाजातून तुमच्या रोपाला नसलेलं पान फुटू शकतं, आणि ते पान बघून कुणीतरी जात ठरवील.

स्पर्धांचा कायदा तुमच्या मित्राच्या बाजूचा आहे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, फियाप हा आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघ आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी निसर्ग विभागासाठी एकच व्याख्या मान्य केली आहे. त्यात क्रॉप चालतो, नैसर्गिक दिसेल इतपत उजेड आणि रंग सुधारणं चालतं, सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढणं चालतं. चित्रातलं काही काढणं, घालणं, सरकवणं चालत नाही. काही लपवण्यासाठी एखादा भाग नंतर धूसर किंवा गडद करणंही चालत नाही. म्हणजे इंदिरानगरच्या वाचकांना मी वर सांगितलेलं बहुतेक सगळं तिथे बाद होईल. पण त्यांनी काळजी करायचं कारण नाही, कारण लागवडीची आणि माणसाने संकर करून तयार केलेली झाडं या विभागात मुळीच घेत नाहीत. पुष्पोत्सवातला गुलाब खुल्या विभागात जातो, जिथे फोटो सुधारायला मोकळीक असते. अंजनेरीचं कंदीलपुष्प निसर्ग विभागात जातं, आणि तिथे जे करायचं ते डोंगरावरच करून यायचं. परीक्षक मूळ फाइल मागू शकतात, म्हणून सुधारलेली प्रत वेगळी ठेवा आणि मूळ फोटोवर कधीच काम करू नका.

दुर्मीळ फुलाच्या बाबतीत एक खबरदारी पार्श्वभूमीहून मोठी आहे. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फुलाची नेमकी जागा फोटोबरोबर नोंदली जाते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती नोंद गळून पडते, पण छापखान्याला पाठवतो तसा डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती जशीच्या तशी पुढे जाते. तेव्हा अंजनेरीची वाट चढायला लागण्याआधीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा, आणि नोंदीच्या संकेतस्थळावर टाकताना जागा झाकून ठेवायचा पर्याय निवडा.